विश्लेषण : घरी ‘निर्णय’, छापखान्यात ‘निणर्य’! मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की का बिघडते?

लॅपटॉपवर नीट दिसणारा मजकूर छापायला दिला की त्याचे चौकोन होतात, रफार उडतो, पानं वाढतात. असं का होतं आणि छपाईआधी काय तपासायचं?

शनिवार पेठ, नारायण पेठ, सदाशिव पेठ आणि त्यांना लागून असलेला अप्पा बळवंत चौक. पुण्यात पुस्तक, स्मरणिका, दिवाळी अंक किंवा लग्नपत्रिका छापायची असेल तर माणूस आजही याच पट्ट्यात येतो. पूर्वी हातात कागदांचा गठ्ठा असायचा. आता पेन ड्राइव्ह असतो, नाहीतर मोबाइलमधली फाइल दाखवत ‘व्हॉट्सॲप करतो’ असं सांगितलं जातं.

मग डीटीपीवाला विचारतो, ‘फॉन्ट कुठला?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मराठी.’

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मराठी ही भाषा, देवनागरी ही लिपी आणि फॉन्ट ही तिसरीच वस्तू. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा या तिघांतलं नेमकं काय सोबत जातं आणि काय मागे राहतं, यावर छापलेल्या पानाचं भवितव्य ठरतं. चूक पडद्यावर दिसली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. प्लेट निघून मशीन सुरू झालं की तीच चूक हजार प्रतींवर उमटते, आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर पुढचे आठ दिवस वाद चालतो.

फाइलमध्ये अक्षरं नसतातच?

संगणक ‘क’ साठवत नाही, ‘क’चा क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाला पडद्यावर कोणता आकार द्यायचा, हे फॉन्ट सांगतो. फॉन्ट संगणकात वेगळा बसवलेला असतो आणि वर्ड किंवा पेजमेकरची फाइल पाठवली म्हणजे तो सोबत जातोच असं नाही. समोरच्या संगणकावर तो नसेल, तर तिथलं सॉफ्टवेअर हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावून मोकळं होतं.

युनिकोड मजकुराच्या बाबतीत यातून होणारं नुकसान तसं मर्यादित असतं. अक्षरं वाचता येतात, फक्त रूप बदलतं. पण रूप बदललं की अक्षरांची रुंदी बदलते, रुंदी बदलली की ओळी तुटण्याची जागा बदलते आणि ओळी सरकल्या की पानं सरकतात. पुस्तक साधारणपणे १६ पानांच्या फर्म्यांमध्ये छापलं जातं. १६० पानांचं पुस्तक म्हणजे बरोबर १० फर्मे. फॉन्ट बदलल्यामुळे तेच पुस्तक १६३ पानांचं झालं, तर तीन पानांसाठी आणखी कागद, आणखी प्लेट आणि बाइंडरकडे आणखी काम. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात ते वेगळंच.

जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर असेल, तर मात्र वाचण्यासारखं काहीच उरत नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, अंडरस्कोर आणि अधिकची चिन्हं यांची रांग दिसते. ही फाइल बिघडलेली नसते. तिच्यात खरोखर तेच साठवलेलं असतं.

पुण्यातच सापडलेली युक्ती

१९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पान-वर्णनाची भाषा आली आणि १९८५ मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर आणि ऑल्डसचं पेजमेकर. टेबलावर बसून पान लावता येऊ लागलं. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची जागा डीटीपी ऑपरेटर घेऊ लागला. पण ही सगळी सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी घडवलेली होती. त्यांना एका फॉन्टमध्ये फक्त २५६ खाने माहीत होते आणि त्यातलेही सगळे वापरता येत नव्हते. देवनागरीत स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं आणि शेकडो जोडाक्षरं. एवढं सगळं बसवायचं कुठे?

यावरची युक्ती भारतात निघाली आणि तिचा मोठा भाग पुण्यात घडला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय भाषांचं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिथे वाढलं. मराठी डीटीपीत घरोघरी पोहोचलेलं श्रीलिपी हे सॉफ्टवेअरही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. इंग्रजी अक्षरांच्या खान्यांत देवनागरीचे आकार बसवायचे, अशी ती युक्ती होती. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय आणि माणसाला मराठी दिसतं. सगळी जोडाक्षरं मावत नाहीत म्हणून अक्षरांचे तुकडे केले जातात. अर्धा ‘म’ आणि त्यापुढे काना जोडला की पूर्ण ‘म’. खिळ्यांच्या काळातल्या कंपोझिटरला ही रीत लगेच ओळखीची वाटली असती.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक आलं होतं आणि त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जात. पण पान लावणाऱ्या परदेशी सॉफ्टवेअरला ते कळत नव्हतं. शेवटी पानावर आकारांचे क्रमांकच जात राहिले आणि कुठल्या खान्यात कुठला आकार, हे प्रत्येक फॉन्ट कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचा मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला की बाराखडीची खिचडी होते. त्यातच मॅक आणि विंडोज यांची १२७ च्या पुढच्या क्रमांकांची वाटणी वेगळी होती. त्यामुळे मॅकवरून विंडोजवर आलेल्या मजकुरात निम्मी अक्षरं बरोबर आणि निम्मी भलतीच, असा आणखी विचित्र प्रकार व्हायचा.

या युक्तीला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण ती नसती तर नव्वदच्या दशकातली मराठी वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं आणि दिवाळी अंक संगणकावर आलेच नसते.

‘निर्णय’चा ‘निणर्य’ कसा होतो?

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. त्यात देवनागरीला १२८ खाने मिळाले आणि जगातल्या प्रत्येक संगणकावर ‘क’चा क्रमांक एकच झाला. जोडाक्षरांना वेगळा क्रमांक नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक. त्यांचा एक आकार करणं हे फॉन्टचं काम.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा तर नुसते क्रमांक बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. ‘निर्णय’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे साठवला जातो: न, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, ण, य. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्यांना दिसतो तसा, डावीकडून उजवीकडे साठवलेला असतो: आधी वेलांटी, मग न, मग ण, त्याच्या डोक्यावरचा रफार, शेवटी य.

म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला वेलांटी उचलून ‘न’च्या मागे न्यावी लागते आणि रफार उचलून ‘ण’च्या पुढे आणावा लागतो. वेलांटी हलवली आणि रफार जागेवरच ठेवला, की र-हलन्त पुढच्या ‘य’ला चिकटतं आणि ‘निणर्य’ तयार होतो. ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो तोही असाच. हे शब्द बातम्यांत, परिपत्रकांत, फॉरवर्डमध्ये सगळ्यांनीच पाहिले आहेत. लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं आहे असं आपण समजतो, पण अनेकदा त्याने शब्द बरोबरच टाइप केलेला असतो.

‘विद्यार्थ्यांनी’ तर आणखी अवघड. तिथे रफाराला ‘थ्या’ हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे यावं लागतं, शिवाय तो अनुस्वाराबरोबर एकाच आकारात जोडलेला असू शकतो. अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे प्रोग्रॅमला कळलं तरच हे जमतं.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत एकदा गुरुजी येतात आणि एकदा स्वयंपाकी. हा आडवा, पापणीसारखा ‘र’ हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. ते चिन्ह दिसत नाही म्हणून काही प्रोग्रॅम ते फालतू समजून काढून टाकतात आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ती फक्त मुद्रितशोधकाच्या नजरेला सापडते.

प्रवास उलटाही होतो

आज लेखक मोबाइलवर किंवा गुगल डॉक्समध्ये लिहितो. ते सगळं युनिकोड. पण पान लावणाऱ्याकडे अजून जुनं पेजमेकर आणि हात बसलेले जुने फॉन्ट असतील, तर आलेला युनिकोड मजकूर आधी जुन्या फॉन्टच्या क्रमांकांत बदलला जातो आणि मग पानावर चढतो. नंतर त्याच पुस्तकाचं ई-बुक करायचं ठरलं की तोच मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये. दोन भाषांतरांतून गेलेल्या पत्रासारखी त्याची गत होते.

यात नव्या चिन्हांचा बळी आधी जातो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला आणि रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं. त्याआधी घडलेल्या फॉन्टमध्ये त्यांना खानाच नाही. तिथे चौकोन येतो, प्रश्नचिन्ह येतं किंवा काहीच येत नाही. शेवटचा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण ‘ॲड.’ ऐवजी नुसतं ‘ड.’ राहिलेलं पटकन लक्षात येत नाही.

जुन्या फाइलमधून मजकूर काढताना इंग्रजी शब्दही गोत्यात येतात. जुन्या पद्धतीत एकाच क्रमांकाचा अर्थ मराठी फॉन्टमध्ये एक आणि इंग्रजी फॉन्टमध्ये दुसरा. मजकूर नुसता कॉपी केला की फॉन्टची माहिती गळते आणि रूपांतरक इंग्रजी नावांचंही ‘मराठी’ करून टाकतो. कंस, अवतरणचिन्हं आणि आकडे यांचंही हेच. म्हणून जाणकार ऑपरेटर रूपांतर करताना फॉन्टच्या खुणा राखणारं स्वरूप वापरतात, साधी टेक्स्ट फाइल नाही.

मग सरळ पीडीएफ का देऊ नये?

द्यावीच. पीडीएफ १९९३ मध्ये याच कारणासाठी आली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात फॉन्ट सोबत बांधून पाठवता येतो, पान जसंच्या तसं राहतं. छपाईसाठी तर ‘पीडीएफ/एक्स’ नावाचे खास प्रकार आहेत आणि त्यांत फॉन्ट सोबत असणं सक्तीचं आहे.

पण पीडीएफ दिली म्हणजे काळजी मिटली, असं मात्र होत नाही. वर्डमधून काढलेल्या पीडीएफमधला काळा रंग बऱ्याचदा पडद्यासाठीचा, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिळून केलेला असतो. छापखान्यात तो चार शाईंत फोडला गेला, तर बारीक अक्षर चार वेळा एकावर एक छापलं जातं. प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की रफार आणि अनुस्वार धुरकट. मजकुराचा काळा फक्त काळ्याच शाईत असायला हवा.

दुसरा मार्ग पेठेत रोज ऐकू येतो: ‘कर्व्ह करून द्या.’ पत्रिका, मुखपृष्ठ, फ्लेक्स यांच्या कोरलड्रॉ फायलींत अक्षरांचं चित्रात रूपांतर करायचं, म्हणजे फॉन्टची गरजच संपते. एका पानाच्या कामाला हे उत्तम. मात्र कर्व्ह केल्यावर वधूच्या आजोबांच्या नावातली वेलांटी चुकल्याचं लक्षात आलं, तर ती टाइप करून सुधारता येत नाही. मूळ फाइल वेगळी जपून ठेवलेली बरी. शिवाय कोरलची नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे छापखान्याकडे कोणती आवृत्ती आहे हे विचारून त्यात सेव्ह करावी लागते.

कपाटातल्या सीड्यांचं काय?

खरी अडचण जुन्या पुस्तकांची आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. तिला युनिकोड कळत नव्हतं. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी अधिकृतपणे आली २०१२ च्या सीएस६ मध्ये. म्हणजे युनिकोड आल्यानंतर मराठी पानाला ते लाभायला दोन दशकं गेली. मधल्या काळात संगणकावर लावलेलं जवळपास सगळं मराठी साहित्य आकारांच्या क्रमांकांत अडकलेलं आहे.

या फाइली उघडण्याच्या वाटाही बंद होत चालल्या आहेत. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत, त्यानंतरच्या सीसीमध्ये नाही. जुन्या ‘टाइप १’ प्रकारच्या फॉन्टचा आधार अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. पंचवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा काढायचं, तर प्रकाशकाला आधी जुनी विंडोज चालणारा संगणक, मग ते फॉन्ट आणि कधीकधी ते फॉन्ट चालवणारं कुलूप, म्हणजे डोंगल, शोधावं लागतं. हे जमलं नाही तर छापील प्रत स्कॅन करून तिच्यावरून मजकूर ओळखून घ्यायचा, नाहीतर पुन्हा टाइप. तिन्ही वाटांनी गेलं तरी संपूर्ण मुद्रितशोधन नव्याने करावं लागतं. छोट्या प्रकाशकाचं गणित तिथेच बिघडतं आणि पुस्तक ‘आउट ऑफ प्रिंट’ राहतं.

जुनी पीडीएफ असली तरी प्रश्न सुटत नाही. ती दिसते सुरेख, छापतेही सुरेख. पण तिच्यात ‘ज्ञानेश्वर’ शोधलं तर सापडत नाही, कारण आत ते अक्षर नाहीच. अंध वाचक स्क्रीन रीडर लावतो तेव्हा त्याला मराठी पुस्तकाऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची यादी ऐकू येते. डोळस वाचकाला हे कळतही नाही. युनिकोड फॉन्टने केलेल्या पीडीएफही यातून पूर्ण सुटलेल्या नाहीत. पीडीएफमध्ये आकार आणि त्यामागचं अक्षर यांची जुळणी वेगळ्या तक्त्यात असते आणि तो तक्ता नीट भरला नसेल तर कॉपी केलेला मजकूर पुन्हा ‘निणर्य’च्या वळणावर जातो.

पेठेत फाइल नेण्याआधी

हस्तलिखित युनिकोडमध्येच टाइप करा आणि डीटीपीवाल्याला आधीच विचारा की पान युनिकोडमध्ये लागणार की जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये लागणार असेल तर रूपांतरानंतरचं प्रूफ पहिल्या ओळीपासून वाचावं लागेल, हे धरूनच चाला. पान इनडिझाइनमध्ये लागत असेल आणि जोडाक्षरं फुटत असतील, तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावला आहे का ते पाहायला सांगा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहा. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत आणि अनेक फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचं असतं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की आपलं रूप येतं. ‘हिंदी’ निवडलेली राहिली तर येत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत बारीक होतं. ए४ आकाराचं पूर्ण पान ३०० डीपीआयने छापायचं तर चित्र साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं हवं. चित्र कडेपर्यंत जात असेल, तर कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त सोडा.

काम झाल्यावर छापील प्रतींबरोबर छपाईची पीडीएफ, पान लावलेली मूळ फाइल आणि दुरुस्त्यांसह अखेरचा युनिकोड मजकूर मागून घ्या. तिसरी गोष्ट बहुतेक जण मागत नाहीत. शेवटच्या प्रूफातल्या दुरुस्त्या फक्त पानावर होतात, लेखकाकडच्या वर्ड फाइलमध्ये जुन्याच चुका राहतात आणि पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती त्याच चुकांसह निघते.

आणि सगळ्यात आधी, पैसे ठरवण्यापूर्वी, एक ओळ देऊन पाहा:

‘दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांनी निर्णय घेऊन ॲपवरून ₹५०० भरले आणि लक्ष्मीबाईंनी ज्ञानेश्वरी मागवली.’

ही ओळ त्यांच्या संगणकावर, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, तुमच्या फॉन्टमध्ये टाकून कागदावर काढायला सांगा. पडद्यावर बघून मान डोलावू नका. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालाय का, रुपयाच्या जागी चौकोन आलाय का, ‘र्थ्यां’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढलेत का, हे त्या कागदावर दिसेल.